जनहिताची वकिली करून पोट भरतं का? (भाचीसाठी विचारतोय)

मुक्काम_पोस्ट (धागाकर्ता)

मंडळी, घरात गेले पंधरा दिवस वातावरण तापलंय म्हणून इथे मन मोकळं करतोय. माझी भाची यंदा वकील झाली. सनद हातात आली, आम्ही पेढे वाटले, तिच्या वडिलांनी ओळखीच्या एका फर्ममधे बोलणंही करून ठेवलं होतं, बिल्डर लोकांचे करारनामे वगैरे, बरा पगार. तर ही म्हणते मला ते नाही करायचं, मला माहिती अधिकाराची अपिलं, वस्ती उठवलेल्या लोकांच्या केसेस, भटक्या-विमुक्तांचं काम, भ्रष्टाचार उघड करून अडकलेल्या कर्मचाऱ्यांच्या केसेस असलं करायचंय. बहीण रडते आहे, मेहुणे बोलत नाहीत, आणि मामा मधे पडला म्हणून दोन्हीकडून मामालाच शिव्या.

मला स्वतःला कोर्टाचा अनुभव म्हणजे एकदा सातबाऱ्यावरच्या नावासाठी तहसीलला घातलेल्या फेऱ्या, बास. तर प्रश्न सरळ आहे. अशी वकिली करणारे लोक जगतात कसे? आणि मुलगी आहे म्हणून आमचा जीव जास्त खालीवर होतोय हेही कबूल करतो, धोका किती असतो? तत्त्वज्ञान नको, अनुभव सांगा.

आळशी_मांजर

पहिला नंबर माझा. मामा मधे पडला की असंच होतं, कंसापासूनची परंपरा आहे. (हलके घ्या.)

तालुका_वकील

बावीस वर्षं तालुका कोर्टात आहे, सांगतो. निव्वळ जनहित याचिकांवर तालुक्याला कोणी जगत नाही, जिल्ह्यालाही नाही, कारण पीआयएल मुळात चालते हायकोर्टात नाहीतर सुप्रीम कोर्टात. आमच्याकडे जे "जनहित" असतं ते फुकट किंवा अर्ध्या फीमधे चालवलेल्या साध्या केसेस. पारध्याच्या पोराचा जामीन, विधवेचं नाव वारसात लावणं, ग्रामपंचायतीच्या पैशाचा घोळ बाहेर काढला म्हणून ज्याच्यावर उलटी केस टाकली त्याचा बचाव. हे करतो, पण पोट भरतं चेक बाऊन्सच्या १३८ च्या केसेसवर आणि मोटार अपघाताच्या क्लेमवर. सकाळी त्या, दुपारनंतर या. घरी बायकोला फक्त सकाळच्या सांगायच्या.

विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनलवर नाव घालता येतं. कायदा १९८७ चा, अंमलात आला १९९५ ला. बाई, मूल, अनुसूचित जाती-जमातीचा माणूस, दिव्यांग, कोठडीत असलेला माणूस यांना उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो हे अर्ध्या जनतेला माहीतच नाही. पॅनलची फी फार नाही आणि वेळेवर येईल याची खात्री नाही, पण नव्या वकिलाला उलटतपासणी शिकायला याच्यासारखी जागा नाही. फर्ममधे बसून करारनाम्यातले स्वल्पविराम तपासून ते येत नाही.

सातबारा_शोधक

तालुका_वकिलांशी सहमत. फक्त एक गोष्ट, "जनहित" म्हणत गावोगाव जे चाललंय तेही सांगा की. आमच्या भागात एक महाशय आहेत, माहिती अधिकारात अर्ज टाकतात, मग बिल्डरला फोन, मग अर्ज मागे. दिवाळीला नवी गाडी. लोक त्यांना कार्यकर्ता म्हणत नाहीत, "टोलनाका" म्हणतात. भाचीला विचारा हे कसं वेगळं काढणार.

फुलपाखरू_७२

टोलनाका 😂😂

निवृत्त_मास्तर

माझा अनुभव लिहितो, जरा लांबेल. मराठवाड्यात शिक्षक होतो. आमच्या शाळेत पारधी वस्तीवरची अकरा मुलं यायची. शिष्यवृत्तीसाठी जातीचा दाखला पाहिजे, दाखल्यासाठी पन्नास वर्षांपूर्वीचा पुरावा पाहिजे, आणि ज्यांचे आजोबा-पणजोबा कायद्यानंच "जन्मजात गुन्हेगार" ठरवले होते, १८७१ चा तो इंग्रजांचा कायदा, ते पाल टाकून गावोगाव फिरणारे लोक पुरावा कुठून आणणार. कायदा १९५२ ला गेला पण गावात चोरी झाली की जीप अजून आधी वस्तीवरच येते. एका कार्यालयात (नाव लिहीत नाही) त्या अकरा अर्जांना सात महिने झाले. गेलं की साहेब मीटिंगला, साहेब असले की फाईल वर गेलेली.

तेव्हा एका तरुण वकीलबाईनी एक युक्ती शिकवली. त्या म्हणाल्या गुरुजी, "दाखला का दिला नाही" असं कधीही विचारू नका. "का" ला उत्तर देणं बंधनकारक नसतं, ते म्हणतात आमच्याकडे अशी माहिती उपलब्ध नाही. तुम्ही माहिती अधिकाराच्या अर्जात विचारा: माझा अर्ज अमुक तारखेला आला, तेव्हापासून तो कोणत्या तारखेला कोणत्या टेबलावर होता, त्या टेबलावरच्या कर्मचाऱ्याचं नाव आणि पद काय, प्रत्येकानं त्यावर काय कार्यवाही केली, आणि असा अर्ज निकाली काढायची ठरलेली मुदत किती. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावला, जोडपत्र 'अ' भरलं, पोच घेतली. एकविसाव्या दिवशी माहिती नाही आली, नऊ दाखले आले. उरलेल्या दोघांसाठी प्रथम अपील केलं.

बाईंनी माझ्याकडून पैसे घेतले नाहीत. वस्तीवरच्या एका आजीने त्यांना कोंबडी दिली, ती मात्र त्यांनी घेतली. म्हणजे फी मिळाली म्हणायची.

आळशी_मांजर

मास्तर 🙏 कोंबडी उत्पन्नात दाखवली का पण?

वऱ्हाडी_ठेचा

मास्तर लाख बोलले राजेहो. हे "टेबलावर किती दिवस" वालं हत्यार आम्ही पण वापरतो. अजून एक सांगून ठेवतो, महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आन् १५० शब्दांत पाहिजे असा नियम आहे. लोकं चार पानी रामायण लिहितात मंग अर्ज वापस येते. आन् सोमवारी दुपारी ३ ते ५ फाईल पाहाले जा. २०१८ चा शासन निर्णय आहे, जिल्ह्याच्या ठिकाणची कार्यालयं, झेडपी, महापालिका इथं जाऊन अर्ज न करता फाईल पाहाता येते. पुणे महापालिकेत तं त्याच्याही आधीपासून होतं. अर्ध्या बाबू लोकायलेच माहीत नाही, म्हणून जीआरची झेरॉक्स खिशात ठेवत जा.

बे_एरिया_बंड्या

इकडून बघताना गंमत वाटते. अमेरिकेत सरकारची फसवणूक उघड केली तर वसुलीतला १५ ते ३० टक्के वाटा माहिती देणाऱ्याला मिळतो, त्यामुळे अशा केसेस घेणाऱ्या वकिलांच्या मोठमोठ्या फर्म आहेत. पोट काय, बोट घेतात. रॅनबॅक्सीचं प्रकरण आठवतंय का, कंपनीतल्याच दिनेश ठाकूर यांनी औषधांच्या चाचण्यांमधली बनवाबनवी अमेरिकेच्या सरकारपुढे मांडली, २०१३ ला कंपनीने गुन्हा कबूल करून ५० कोटी डॉलर भरले आणि ठाकूर यांना त्यातले ४ कोटी ८० लाखांच्या वर मिळाले. माणूस आपला, कंपनी आपली, न्याय इकडे. पुढे तेच ठाकूर भारतात औषध नियंत्रणाविषयी याचिका घेऊन सुप्रीम कोर्टात गेले तर दाखलही झाली नाही.

तालुका_वकील

बंड्याभाऊ, इथे वकिलानं "जिंकलो तर टक्का" असा करार करणं बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही आणि जाहिरातही करता येत नाही. त्यामुळे तुमचं बोटीचं मॉडेल इकडे बुडतं. आणि उघड करणाऱ्याला वाटा सोडा, संरक्षणाचा कायदाच लागू नाही.

सातबारा_शोधक

म्हणजे? कायदा आहे ना, २०१४ चा.

तालुका_वकील

आहे. संसदेनं पास केला, ९ मे २०१४ ला राष्ट्रपतींची सही झाली. अंमलात यायची तारीख सरकारनं जाहीर करायची असते, ती अजून जाहीर केलेली नाही. पुस्तकात आहे, व्यवहारात नाही. आमच्या लायब्ररीत त्याची प्रत आहे, कोरी करकरीत.

कुंपणावरची

हे वाचून सत्येंद्र दुबे आठवले. आयआयटी कानपूरचा इंजिनिअर, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणात, सुवर्ण चतुष्कोनाच्या कामातला घोळ थेट पंतप्रधान कार्यालयाला कळवला आणि पत्रात विनंती केली की माझं नाव गुप्त ठेवा. पत्र नावासकट खात्याखात्यांतून फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ ला पहाटे गयेत गोळ्या घातल्या. त्यानंतर २००४ ला केंद्राने एक ठराव केला की दक्षता आयोगाकडे अशी तक्रार करता येईल आणि नाव गुप्त राहील. आज जे काही थोडं आहे ते तेवढंच.

आणि लांब कशाला जायचं, तळेगाव दाभाडेचे सतीश शेट्टी. एक्स्प्रेस वेच्या आजूबाजूच्या जमिनींचे व्यवहार बाहेर काढत होते, १३ जानेवारी २०१० ला सकाळी फिरायला गेलेले असताना मारलं. हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली, सीबीआय आली. मी तेव्हा तळेगावात राहायचे. कितीतरी दिवस आमच्या सोसायटीतलं एकही माणूस सकाळी फिरायला गेलं नाही.

मुक्काम_पोस्ट, तुम्ही धोका विचारलात म्हणून लिहिलं. घाबरवायचा हेतू नाही.

मुक्काम_पोस्ट (धागाकर्ता)

नाही नाही, लिहिलंत ते बरं केलंत. बहिणीला हा प्रतिसाद दाखवणार नाही एवढंच.

देशप्रेमी_नाना

सगळं ठीक पण "जनहित" च्या नावाखाली अतिरेक्यांच्या केसेस लढवणारे पण याच पंक्तीत बसवणार का? ज्याने माणसं मारली त्याला वकील कशाला पाहिजे? आमच्या करातून!

आळशी_मांजर

पॉपकॉर्न घेऊन बसलो.

कुर्ल्याचा_पाववाला

नाना, मी कुर्ल्याचा, म्हणून बोलतो. शाहिद आझमी आमच्या टॅक्सीमेन्स कॉलनीत ऑफिसात बसायचा. पोरगेलेला असताना टाडात, म्हणजे दहशतवादविरोधी कायद्यात, आत गेला, तिहारमधे वर्षं काढली, तिथेच शिकला, सुटल्यावर वकील झाला. २६/११ च्या केसमधे फहीम अन्सारीचा वकील तो. आरोप काय, तर ठिकाणांचे हाताने काढलेले नकाशे फहीमने दिले आणि त्यातला एक मेलेल्या अतिरेक्याच्या खिशात सापडला. शाहिदचा सवाल साधा होता, माणूस गोळ्या लागून रक्तात पडलाय, पँट रक्ताने भरलीय, आणि खिशातला कागद कोरा? ना डाग ना चुरगळ? ११ फेब्रुवारी २०१० ला ऑफिसात घुसून शाहिदला मारलं. बत्तीस वर्षांचा होता. तीन महिन्यांनी, ३ मे ला, त्याच कोर्टाने कसाबला दोषी धरलं आणि फहीमला सोडलं. सुप्रीम कोर्टाने २०१२ ला तेच कायम केलं.

आता तुम्हीच सांगा, वकील नसता तर फहीम "ज्याने माणसं मारली" त्या यादीत गेला असता की नाही. दोषी कोण हे वकील असल्यावरच कळतं ना शेवटी.

देशप्रेमी_नाना

फहीमचं ठीक आहे, कसाबचं काय?

तालुका_वकील

कसाबलाही वकील दिला म्हणूनच ती फाशी जगात कोणापुढे मान खाली न घालता देता आली. २००९ ला कोर्टाने अंजली वाघमारे यांना नेमलं तर त्यांच्या घरावर जमाव चालून गेला. त्यांनी काही मागून घेतली नव्हती ती केस, कोर्टाने नेमलं होतं. आणि बार असोसिएशन जे ठराव करतात ना, अमक्याची केस कोणी घ्यायची नाही म्हणून, ते बेकायदा आहेत असं सुप्रीम कोर्टाने २०१० ला मोहम्मद रफी निकालात स्पष्ट सांगितलंय. (गायक नव्हे. कोइमतूरचे वकील.) तरी ठराव होतातच. आमच्याकडे एकदा झाला, मी सही केली नाही, दोन महिने कँटीनमधे माझ्या टेबलावर कोणी बसलं नाही. चहा निवांत पिता आला.

देशप्रेमी_नाना

प्र.का.टा.आ. (प्रतिसाद काढून टाकला आहे)

फुलपाखरू_७२

नाना काय लिहून काढलंत ते वाचलंय मी 😏

मांडवीच्या_तीरावर

मी गोंयचो. दुसरी बाजू मांडतो, रागावू नका. २०१२ ला आमच्याकडे खाणी बंद झाल्या, आधी सरकारने आणि मग सुप्रीम कोर्टाने. परत सुरू झाल्या तर २०१८ ला कोर्टाने ८८ लीज रद्द केल्या. याचिका खोट्या होत्या असं मी म्हणणार नाही. डिचोली-सांगेकडची शेतं लाल झालेली मी बघितलीत, विहिरी आटलेल्या बघितल्यात. पण माझ्या बाबाने कर्ज काढून दोन ट्रक घेतले होते खनिज वाहायला. ते अंगणात सडले. याचिका करणारे वकील, सरकारचे वकील, कंपन्यांचे वकील, सगळे कोर्टात होते. ट्रकवाल्याचा वकील कोण होता? आमचं नावही नव्हतं त्या कागदांत. भाचीला सांगा जनहिताची केस लढवताना "जन" कोण कोण आहेत ते एकदा मोजून घे.

कुंपणावरची

हा प्रतिसाद आवडला. ओल्गा टेलिसच्या केसमधे नेमकं उलटं झालं होतं नाही का. मुंबईच्या फुटपाथवरचे लोक १९८१ ला कोर्टात गेले, इंदिरा जयसिंग वकील, १९८५ ला निकाल आला की जगण्याच्या हक्कात पोट भरायचा हक्कही येतो. देशभर गाजला, अजून प्रत्येक वस्तीच्या केसमधे त्याचा दाखला देतात. पण त्याच निकालाने महापालिकेला नोटीस देऊन उठवायची मुभाही दिली. म्हणजे तत्त्व जिंकलं आणि झोपडी गेली. त्या लोकांना तत्त्वाचं काय करायचं होतं देव जाणे.

वऱ्हाडी_ठेचा

काही ठिकाणी झोपडी पण जिंकते बाप्पा. गडचिरोलीतलं मेंढा-लेखा पाहा. वनहक्क कायद्यात २००९ मधी सामूहिक हक्क मिळवणारं देशातलं पहिलं-पहिलं गाव, मंग बांबू इकाचा हक्क पण भांडून घेतला. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार." पण तिथं काळ्या कोटापेक्षा गावानं कायदा वाचून काढला हे मोठं. अभ्यास गट बसवून लोकं एकेक कलम वाचत.

आन् धोक्याचं म्हणाल तं नागपूरचेच सुरेंद्र गडलिंग. दलित-आदिवासींच्या केसेस लढवणारे वकील, २०१८ च्या जूनमधी एल्गार परिषदेच्या केसमधी अटक झाली. सुधा भारद्वाज, छत्तीसगडच्या कामगारांच्या वकील, त्याच वर्षी ऑगस्टमधी आत, डिसेंबर २०२१ ले जामीन. केस खरी का खोटी हे कोर्ट ठरवीन, पण वकिलाचा आरोपी व्हाले येळ लागत नाही एवढं पोरीच्या कानावर असू द्या.

सातबारा_शोधक

आता हा धागा राजकारणात जाणार.

संपादक

राजकारण नको. विषयाला धरून लिहा. नाना, तुम्हाला व्यक्तिगत निरोप केला आहे.

शब्दवेडी

अवांतर: व्हिसलब्लोअरला मराठीत "जागल्या" हा शब्द वर्तमानपत्रांनी रूढ केला, तो मला फार आवडतो. जागल्या म्हणजे गावचा रात्रीचा राखणदार. रामोशी, कोळी, महार, जशी त्या त्या गावाची रीत. रात्रभर हाळी देत फिरायचा. चोर आला तर ओरडायचं काम त्याचं, आणि चोरी झालीच तर पहिला जाबही त्यालाच विचारायचे.

निवृत्त_मास्तर

वा! आणि जुन्या जागल्याला सुगीत गावाकडून धान्याचा वाटा मिळत असे हो, कमी का होईना. नव्याला बदली मिळते. आमच्या मित्राला मिळाली, दोन वर्षांत चार. साहेबाच्या खोट्या बिलांवर सही करायला नाही म्हणाला होता.

शब्दवेडी

मास्तर, पण त्या वाट्यासाठी दारोदार हात पसरावा लागायचा आणि कुठल्या दारी किती लांब उभं राहायचं तेही ठरलेलं असायचं. फार गोड आठवण करू नये.

निवृत्त_मास्तर

बरोबर. चूक दुरुस्त.

कोल्हापुरी_पायताण

भावांनो आरटीआयचंच आता अवघड झालंय ते कोण बोलंना. आमचं एक अपील आयोगाकडं इतकी वर्षं पडून हाय की ज्या रस्त्याची माहिती मागितली तो रस्ता दोनदा नव्यानं झाला आणि दोनदा उखडला. त्यात २०१९ ला कायदा बदलून आयुक्तांचा पगार-मुदत केंद्राच्या हातात दिली. आणि आता ते डेटा संरक्षणवालं. पहिलं कलम ८(१)(ञ) मधी असं होतं की खाजगी माहिती जनहितासाठी लागत असंल तर द्यायची, आणि जी माहिती विधानसभेला नाकारता येत न्हाई ती नागरिकालाबी नाकारायची न्हाई. २०२३ च्या कायद्यानं ते सगळं पुसून "खाजगी माहिती" एवढंच ठेवलं, नोव्हेंबर २०२५ पासनं लागू. आता ठेकेदाराचं नाव विचारलं तरी म्हणतील खाजगी हाय. मजुरांचं हजेरीपत्रक मागा, खाजगी. लय भारी.

तालुका_वकील

पूर्ण दार बंद नाही झालं. कलम ८(२) अजून आहे, जनहित जास्त असेल तर सूट असलेली माहितीही देता येते. पण ते आता अर्जदाराला भांडून दाखवावं लागणार. म्हणजे वकिलाचं काम वाढलं. भाचीला ही बातमी चांगली की वाईट ते तिलाच विचारा.

कोल्हापुरी_पायताण

वकील सायेब, तुमास्नी कशातबी काम दिसतंय 😀

देशप्रेमी_नाना

परत आलो, आता नीट लिहितो. मघाचा प्रतिसाद रागात होता. मला कुर्लावाल्यांचं पटलेलं नाही असं नाही. पण एक विचारतो, बिल्किस बानोच्या (२००२ च्या गुजरात दंगलीतल्या सामूहिक बलात्काराच्या) केसमधे ज्या बायका-वकिलांनी काम केलं ते मला मान्य आहे, ती केस गुजरातमधून मुंबईत आणली म्हणून २००८ ला शिक्षा झाली, बरोबर? मग तिथे पीडितेच्या बाजूने उभं राहिलं. आरोपीच्या बाजूने उभं राहणं ते जनहित कसं?

कुंपणावरची

नाना, त्याच केसचं पुढचं बघा. २०२२ च्या १५ ऑगस्टला अकरा जणांना गुजरात सरकारने शिक्षेत सूट देऊन सोडलं. ८ जानेवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टाने ते रद्द केलं, कारण? खटला महाराष्ट्रात चालला, शिक्षा इथे झाली, मग सूट द्यायचा अधिकार असलाच तर महाराष्ट्र सरकारचा, गुजरातचा नाही. शोभा गुप्ता कितीतरी वर्षं तिची केस लढत होत्या. इतक्या वर्षांची लढाई शेवटी एका कोरड्या कायदेशीर मुद्द्यावर फिरली. कुर्ल्यातला कोरा नकाशा तसाच. दोन्हीकडे वकिलाने केलं ते एकच, सरकार जे कागदावर दाखवतंय ते कागदावरच तपासून घेतलं.

देशप्रेमी_नाना

हं. विचार करतो.

आळशी_मांजर

आंतरजालावर "विचार करतो"? या प्रतिसादाला फ्रेम करा कोणीतरी.

इतिहासात_रमलेला

उशिरा आलो, सगळं वाचलं. मूळ प्रश्न पोट भरतं का हा होता आणि सगळ्यात मोठं उदाहरण अजून कोणी काढलं नाही याचं आश्चर्य वाटतंय. डॉ. आंबेडकर. बॅरिस्टर होऊन १९२३ ला मुंबईत वकिली सुरू केली. अस्पृश्य वकिलाकडे श्रीमंत पक्षकार येणार कोण? म्हणून १९२५ पासून तीनेक वर्षं बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सीच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवायचे, घर त्यावर चालायचं. आणि त्याच काळात, १९२६ ला, पुण्यात जेधे-जवळकर यांच्यावरचा मानहानीचा खटला घेतला आणि ब्राह्मणेतर चळवळीतल्या त्या मंडळींना सोडवलं. १९३४ ला र. धों. कर्वे यांची बाजू मांडली, लैंगिक प्रश्नांवर मासिकात उत्तरं छापली म्हणून अश्लीलतेचा खटला होता. ती केस हरले, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. आज कर्व्यांचं नाव सगळे आदराने घेतात, तेव्हा त्यांच्या बाजूने उभं राहायला एवढे वकील असलेल्या मुंबईत किती जण पुढे आले?

आणि महाड. सत्याग्रह २० मार्च १९२७ चा सगळ्यांना पाठ असतो. पण त्यानंतर तळं आमच्या खाजगी मालकीचं म्हणून सवर्णांनी दिवाणी दावा लावला, त्यात बाबासाहेब स्वतः प्रतिवादी. खालचं कोर्ट, वरचं कोर्ट करत हायकोर्टाचा निकाल आला १७ मार्च १९३७ ला. दहा वर्षं. तळ्यातलं पाणी ओंजळीत घ्यायला एक क्षण, आणि ते पाणी सार्वजनिक आहे हे कागदावर यायला दहा वर्षं.

तर मुक्काम_पोस्ट, उत्तर तालुका_वकिलांनी पहिल्याच दिवशी दिलंय, सकाळी १३८ आणि दुपारी बाकीचं. पद्धत शंभर वर्षं जुनी आहे.

तालुका_वकील

नमस्कार घ्या. पण तुलना नको साहेब, मी चेक बाऊन्सवाला माणूस.

मुक्काम_पोस्ट (धागाकर्ता)

मंडळी, सगळ्यांचे आभार. शेवटी धागा भाचीलाच वाचायला दिला (तळेगावचा प्रतिसाद बहिणीनेही वाचला, लपवून उपयोग झाला नाही, तिने मोबाईल हातातून घेतला). रात्री बारापर्यंत जेवणाच्या टेबलावर कोर्ट बसलं होतं. तडजोड अशी झालीय की फर्म रद्द, पण एकदम संस्थेत वगैरेही नाही, जिल्हा कोर्टात एका ज्येष्ठ बाईंच्या हाताखाली दोन वर्षं काढायची, त्या अपघाताचे क्लेम पण करतात आणि विधी सेवेच्या पॅनलवर पण आहेत. मेहुणे म्हणाले दोन वर्षं पेट्रोलचे पैसे मी देईन, तिसऱ्या वर्षी हिशेब दाखव. भाची म्हणाली लेखी द्या.

गोव्याच्या दादांचा प्रतिसाद तिने वहीत उतरवून घेतलाय. आणि मास्तर, त्या टेबलावाल्या अर्जाचा नमुना असला तर टाका ना इथे. तिला पहिला अर्ज माझ्याच सातबाऱ्यासाठी करायचाय, फी म्हणून कोंबडी मागतेय.

निवृत्त_मास्तर

चष्मा सापडला की आज रात्री टाकतो. पोच घ्यायला विसरू नका म्हणावं, आणि पोचेवर तारखेचा शिक्का नीट उमटलाय का ते तिथेच खिडकीवर उभं राहून बघायचं. आमचा एकदा पुसट होता, त्यात तीन महिने गेले.